लॅपटॉप नसताना कामाला आला तो पुढचा पॅनल: आमच्या बिल्डिंगच्या केबल मॉड्युलेटरचा रिव्ह्यू

सात बटणं, दोन ओळींचा निळा डिस्प्ले आणि मागे एवढासा पंखा, पण आवाज असा की मीटर रूममध्ये कोणीतरी खोबऱ्याची चटणी वाटतंय. गणपतीच्या आधी आमच्या बिल्डिंगने जो मॉड्युलेटर घेतला त्याबद्दल लिहितोय. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण हाच डबा बाजारात तीन-चार वेगवेगळ्या स्टिकरखाली मिळतो, मेनू तोच, मेनूतल्या स्पेलिंगच्या चुका पण त्याच, त्यामुळे नावावर जाऊ नका, मेनू बघा. मी स्वतः केबल लाईनमधला, धंदा सोडून बरीच वर्षं झाली पण हाताला अजून सवय आहे, म्हणून कमिटीने हे काम माझ्या गळ्यात मारलं.

डबा करतो काय, तर कॅमेऱ्याची एचडीएमआय वायर मागून लावायची, आत त्याचं एच.२६४ या डिजिटल व्हिडिओ फॉरमॅटमध्ये एन्कोडिंग होतं, मग तो सगळा डेटा एका फ्रिक्वेन्सीवर चढून एफ कनेक्टरमधून बाहेर येतो, आणि तो बिल्डिंगच्या केबल लाईनमध्ये मिसळला की घराघरातल्या टीव्हीवर एक चॅनल वाढतो. एवढंच.

आमची काळाचौकीची जुनी चाळ पाडून आता बावीस मजले झालेत. चाळीत गणपती मधल्या चौकात बसायचा, गॅलरीत उभं राहिलं की दर्शन, ऐंशी वर्षांची म्हातारी पण कठड्याला टेकून टाळ्या वाजवायची. आता बाप्पा लॉबीत, म्हातारी माणसं वर, आणि आरतीच्या टायमाला लिफ्टसमोर संध्याकाळच्या लोकलसारखी गर्दी. पोरांनी मागच्या वर्षी यूट्यूबवर लाईव्ह केलं होतं, लिंक ग्रुपवर टाकली, ती शंभर गुड मॉर्निंगच्या खाली गाडली गेली, आणि एकोणिसाव्या मजल्यावरच्या आजी मला बोलल्या, "बाबू, तुझं ते दाबलं की जाहिरात येते रे, बाप्पा येतच नाय." तेव्हा ठरलं की टीव्हीवर पाहिजे, रिमोटवर नंबर दाबला की बाप्पा, मध्ये काही नको.

मग लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीत बसून तसं सांगितलं तर टॅक्सीवाला आरशातून तुमच्याकडे बघत बसेल. दुकानदार (नाव नको, चूक त्या एकट्याची नाही, सगळा बाजारच असा आहे) पहिल्यांदा मला सांगायला लागला की साहेब दोनशेछप्पन क्वामवाला आहे (क्वाम म्हणजे फ्रिक्वेन्सीवर डेटा चढवायची पद्धत), चौसष्टवाल्यापेक्षा क्वालिटी भारी. मी गप्प ऐकून घेतलं. चालू करून दाखव म्हटलं तर चालू केलं, डिस्प्ले पेटला, झालं त्याचं डेमो, सिग्नल मोजायचा मीटर नाही टीव्ही नाही. १८,५०० ला दिला, बिलासकट, आणि सोबत जे मॅन्युअल दिलं ते दुसऱ्याच मॉडेलचं निघालं, हे घरी आल्यावर कळलं. तुम्ही घ्यायला गेलात तर एक करा, दुकानातच उभ्या उभ्या पुढच्या बटणांवरून फ्रिक्वेन्सी बदलून, सेव्ह करून, प्लग काढून परत लावून बघा. दोन मिनिटं लागतात. मी ते केलं नाही आणि त्याची फळं भोगली, ते पुढे येतंच.

आता पॅनल. चार बाणांची बटणं, एक एंटर, एक मेनू आणि एक लॉक. लॉक दाबल्याशिवाय काहीच बदलत नाही, नुसतं वरवर बघता येतं, हे मला फार आवडलं कारण आमच्या मीटर रूममध्ये वॉचमन, इलेक्ट्रिशियन, डेकोरेशनवाले, सगळे येऊन टेकतात आणि कुणाला ना कुणाला चमकणाऱ्या बटणाला हात लावल्याशिवाय राहवत नाही. आकडा बदलायचा असेल तर डाव्या-उजव्या बाणाने त्या आकड्यावर जायचं आणि वर-खाली करायचं, प्रत्येक घर वेगळं. ही पद्धत बरी. काही डब्यांत एकच बाण दाबत ४७४ पासून ६५८ मेगाहर्ट्झपर्यंत चालत जावं लागतं, अंगठा सुजतो. इथे एकच कटकट, बटण दाबून धरलं तर आकडे पळत नाहीत, प्रत्येक आकड्याला वेगळं दाबणं, आणि बटणं कडक आहेत.

ज्यांनी जुने दिवस बघितलेत त्यांना हे सगळं लाडच वाटतील म्हणा. २०१२ च्या आधी केबलच्या कंट्रोल रूममध्ये एका चॅनलला एक मॉड्युलेटर असायचा, ऐंशी-नव्वद डबे एकावर एक, प्रत्येकाला पुढून लेव्हलचा, म्हणजे सिग्नलच्या जोराचा, स्क्रू, बारका स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचून फिरायचो, आणि दोन एसी लावले तरी खोलीत भट्टी. मग ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत आली, मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई ही पहिल्या टप्प्यातली शहरं, सेटटॉप बॉक्सशिवाय केबल बंद म्हणाले, आणि मुंबईत ते डबे भंगारात जायला लागले, कारण फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यातल्या ८ मेगाहर्ट्झच्या ज्या एका खणात एक चॅनल बसायचा तिथे आता ३८ एमबीपीएस डेटा बसतो, साध्या क्वालिटीचे दहा-पंधरा चॅनल आरामात. आम्हाला मात्र एकच चढवायचाय, बाप्पा, त्यामुळे बाकी खण रिकामाच, डबा त्यात नुसती नल, म्हणजे पोकळ, पॅकेट भरतो.

पहिला लोचा पहिल्याच संध्याकाळी. सगळं जोडलं, टीव्हीवर स्कॅन मारलं, काही नाही. फ्रिक्वेन्सी बरोबर, वायर बरोबर, लेव्हल आहे, मीटरवर सिग्नलचा ढेकूळ दिसतोय पण टीव्ही तो पकडत नाही. तासभर कनेक्टर काढले-घातले. मग मेनूत खाली खाली जाताना सिम्बॉल रेटपाशी, म्हणजे सेकंदाला सिग्नलचे किती दशलक्ष ठोके जातात त्या आकड्यापाशी, आलो तर तिथे ५.०५७ लिहिलेलं आणि बदलताच येत नाही. तिथे डोक्यात उजेड पडला. हा आकडा अमेरिकेच्या पद्धतीचा, जे.८३ बी म्हणतात ती, तिकडे खण ६ मेगाहर्ट्झचा आणि सिम्बॉल रेट ठरलेला. आपल्याकडे चालतं ते जे.८३ ए, म्हणजेच डीव्हीबी-सी, खण ८ चा. फॅक्टरीतून येताना डबा बी वर ठेवलेला आणि ती सेटिंग मेनूच्या वरच्या थरात, फ्रिक्वेन्सीच्याही आधी, स्टँडर्ड नावाने बसलेली, तिकडे मी बघितलंच नव्हतं. ए केल्याबरोबर सिम्बॉल रेट मोकळा झाला. तर सगळ्यात आधी स्टँडर्ड, मग बाकीचं. उलट केलं तर स्टँडर्ड बदलताना खालचे आकडे हा डबा स्वतःच बदलून टाकतो आणि सांगत पण नाही.

सिम्बॉल रेट ६.८७५ ठेवला. ६.९ पण चालतो, दोन्ही ८ च्या खणात मावतात, कारण रोल-ऑफ, म्हणजे कडेला सोडावी लागणारी जास्तीची जागा, १५ टक्के धरला तर ६.८७५ चे ७.९ होतात. पण टीव्ही स्कॅन करताना काय धरून चालतो ते महत्त्वाचं, आमच्या इथल्या बऱ्याच टीव्हींत आधीपासून ६८७५ (तोच आकडा, हजारांत) भरलेलं होतं, मग कशाला उगाच बाविसाव्या मजल्यापर्यंत घराघरात जाऊन रिमोटने आकडे टाकत बसायचं.

आणि ते दोनशेछप्पनचं. चित्राची क्वालिटी क्वामवर ठरत नाही हो, ती एन्कोडर किती बिटरेटने काम करतो त्यावर ठरते. क्वाम वाढवला की त्याच खणात जास्त डेटा मावतो, ६४ ला ३८ आणि २५६ ला ५० च्या वर, पण बदल्यात सिग्नल सुमारे ६ डीबी (डेसिबल, सिग्नल मोजायचं माप) जास्त स्वच्छ लागतो. आम्हाला एका चॅनलला ८ एमबीपीएस पुरतात आणि बिल्डिंगमधली वायर अशी आहे की काही घरात इंटिरियरवाल्याने पीओपीच्या आत वायर पिळून पिळून नेलीय. तिथे २५६ लावला असता तर आरतीच्या वेळी बाप्पाचे चौकोन झाले असते. ६४ वर टाकला, विषय संपला.

फ्रिक्वेन्सीवर थोडं जास्त लिहितो कारण इथे माझ्यासारखे जुने लोक हमखास फसतात. आधी आमच्या केबलवाल्याला विचारलं, त्याला न विचारता त्याच्या लाईनमध्ये काही मिसळू नका, एक तर ते बरोबर नाही आणि दुसरं म्हणजे नंतर कुणाचंही चित्र अडकलं की तुमच्या नावाने शंख. त्याचा लाईनमन पोरगा चांगला, मीटर घेऊन आला, रिकामे खण दाखवले. एक ६५८ ला, एक वर ८३४ ला. पोरगा बोलला वरचा घ्या, एकदम मोकळा आहे. मोकळा दिसतो पण आहे का, ८२४ ते ८४९ मध्ये मोबाईलचा ४जी चालतो, फोनमधून टॉवरकडे जाणारा सिग्नल तिथलाच, आणि आरतीला लॉबीत शंभर फोन वर केलेले असतात शूटिंगसाठी, एखादा कनेक्टर वायरवर नीट दाबून बसवलेला नसला की तिथून सरळ आत घुसतो. शिवाय जेवढं वर जाल तेवढी वायर जास्त खाते, आरजी सिक्स, म्हणजे केबलची नेहमीची वायर, १०० मीटरला त्या टोकाला २० डीबीच्या आसपास घेते. म्हणून ६५८.

आणि मी काय टाकलं पहिल्यांदा? ६५५.२५. सवय! ॲनालॉगच्या काळात चव्वेचाळीस नंबर चॅनल म्हटलं की ६५५.२५ हा पिक्चर कॅरियर, म्हणजे चित्राची फ्रिक्वेन्सी, तोंडपाठ, आणि आम्ही तोच टाकायचो. डिजिटलमध्ये पिक्चर कॅरियर वगैरे काही नसतं, खणाचा मध्य टाकायचा असतो, तो ६५८. दोघांत पावणेतीनचा फरक, म्हणजे माझा चॅनल एक तृतीयांश शेजारच्याच्या अंगावर बसलेला, आणि ते पोरगं मीटरकडे बघत मला बोलतंय, "काका, तुम्ही आमच्या पॅकेजवर पाय दिलाय." लाज वाटली थोडी. पॅनलवर तीन घरं बदलून दहा सेकंदात सरळ केलं, हे लॅपटॉपवर करायला गेलो असतो तर वर जाऊन चार्जर शोधण्यापासून सुरुवात झाली असती.

लेव्हलचं गणित. डबा लेव्हल डीबीएममध्ये दाखवतो, केबलवाल्यांचे मीटर डीबी मायक्रोव्होल्टमध्ये. पॅनलवर उणे दहा बघून माणूस घाबरतो की सिग्नलच नाही. ७५ ओहमच्या लाईनवर त्यात १०८.७५ मिळवा, झालं मायक्रोव्होल्टवालं. आमच्या नोडच्या (बिल्डिंगला सिग्नल देणाऱ्या केबलवाल्याच्या डब्याच्या) तोंडाशी केबलवाल्याचे बाकी चॅनल ९२ वर होते, म्हणून डब्यावर उणे १६.८ टाकलं. शेजाऱ्यांच्या बरोबरीने बसायचं, ना वर ना खाली, हा नियम डिजिटलमध्ये पक्का. जास्त दिला तर पुढचा अँप्लिफायर रडतो आणि सगळ्या बिल्डिंगची सिरियल अडकते, मग बायका कमिटीला सोडत नाहीत. ०.१ च्या पायरीने लेव्हल बदलते आणि मीटरवर पण तेवढीच हलते, हे मी मुद्दाम तपासलं, या किमतीत ही गोष्ट मला पटली. मिसळायला साधा टू-वे स्प्लिटर उलटा लावला, त्यात दोघांचे चार-चार डीबी गेले, ते पोराने अँप्लिफायरवर वाढवून दिले. चहा पाजला त्याला, पैसे घेतले नाहीत.

चॅनलचं नाव टाकणं हा मात्र छळ आहे. नाव फक्त इंग्रजी अक्षरांत, आणि प्रत्येक अक्षरासाठी बाणाने सगळी बाराखडी, म्हणजे एबीसीडी, चालत जायचं, आधी कॅपिटल, मग स्मॉल, मग आकडे. टीला पोचायला एकोणीस वेळा. सेक्रेटरी काका मागे उभे राहून बोलतात की मंडळाचं पूर्ण नाव टाक, सार्वजनिक शब्द आलाच पाहिजे, उत्सव मंडळ पण, स्थापनेचं वर्ष पण. काका, सोळाच अक्षरं मावतात. मग एक मीटिंग झाली मीटर रूममध्ये, उभ्या उभ्या, आणि शेवटी बाप्पा एवढंच ठेवलं. नाव टाकायचं असेल तर ब्राउझरमधून टाका, तिथे कीबोर्ड आहे. बाकी एनआयटी, एलसीएन, पीआयडी हे सगळं पॅनलमध्ये आहे पण एका चॅनलसाठी हात लावायची गरज नाही, मी फक्त एलसीएन, म्हणजे रिमोटवरचा चॅनल नंबर, टाकला म्हणजे टीव्ही स्वतःहून ९०० नंबरला नेऊन ठेवतो. ठेवतो म्हणजे काही टीव्ही ठेवतात, काही आपलं मन चालवतात.

आवाजाची एक गोष्ट राहिली. पहिल्या ट्रायलला चार घरांतून फोन, बाप्पा दिसतोय पण मुका आहे. डब्यात ऑडिओ एएसी या फॉरमॅटवर होता, त्या घरातले जुने टीव्ही तो वाजवत नव्हते. एमपेग लेयर टू हा जुना फॉरमॅट केला, सगळीकडे वाजला. ही सेटिंग पण पॅनलवरूनच, एन्कोडर मेनूत तिसरी.

आता २०२५ च्या गणपतीतला दुसरा दिवस, २८ ऑगस्ट. आदल्या दिवशी सगळं मस्त चाललं, आजींनी वर बसून आरती केली, मला साखरभाताचा डबा पण आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला डेकोरेशनवाल्याने रोषणाईची अजून एक माळ डब्याच्याच विजेच्या लाईनवर टाकली आणि एमसीबी उडाला. पाच मिनिटांत परत लावला. पंखा सुरू, दिवा हिरवा, मी निवांत. सव्वासातला फोन सुरू, बाप्पा गेला. खाली धावलो, डिस्प्ले बघितला, ४७४.०००, जे.८३ बी, सगळं फॅक्टरीवर! झालं काय होतं, या डब्यात एंटर दाबलं की सेटिंग लागू होते, पण ती नुसती चालू मेमरीत. सेव्ह करायला मेनूच्या मुख्य यादीत वेगळंच ठिकाण आहे, तिथे जाऊन सेव्ह, मग विचारतो नक्की का, मग परत एंटर. आणि मी ते केलंच नव्हतं कारण कुठे लिहिलेलं नाही, एक साधा तारा जरी डिस्प्लेच्या कोपऱ्यात दाखवला असता की बाबा सेव्ह बाकी आहे, तरी पुरे होतं. ही या प्रॉडक्टची सगळ्यात मोठी चूक आहे आणि मी यासाठी पूर्ण एक स्टार कापतो.

लॅपटॉप भाच्याचा, भाचा ऑफिसातून निघून अजून कुर्ल्याला. आरती साडेसातला, भटजी आलेले, आणि सेक्रेटरी काका दारात, काही बोलत नाहीत, नुसते बघतात, ते जास्त वाईट. तेव्हा पुढच्या पॅनलची किंमत कळली. खिशात कागद होता, आदल्या आठवड्यात दुधाच्या बिलामागे क्रमाने लिहिलेला: स्टँडर्ड ए, ६५८, ६.८७५, ६४, उणे १६.८, ऑडिओ लेयर टू. बनियन घामाने चिकटलेलं, एका हातात मोबाईलची बॅटरी, दुसऱ्या हाताचा अंगठा बाणावर. मध्ये घाईत भाषा बदलून सगळा मेनू चिनी झाला, आयला, तेवढंच बाकी होतं. पण भाषा ही मुख्य यादीत सगळ्यात शेवटी आहे आणि यादी गोल फिरते, म्हणजे सगळ्यात वर जाऊन वरचा बाण एकदा दाबला की भाषेवर, एंटर, खालचा बाण, एंटर, परत इंग्रजी. हे पाठ करून ठेवा, चिनी येत नसेल तर. नाव टाकायला वेळच नव्हता, ते चॅनल एक असंच राहिलं. सात अठ्ठावीसला वरून फोन, आला आला. मग सेव्ह केलं. मग परत सेव्ह केलं. मग सगळे आरतीला गेल्यावर तिसऱ्यांदा केलं.

ब्राउझरवालं सेटिंग वाईट नाही, उलट बघायला सोपं आहे, सगळं एका पानावर. पण त्यासाठी लॅपटॉप पाहिजे, नेटवर्कची वायर पाहिजे, डब्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, लक्षात पाहिजे आणि लॅपटॉपला त्याच रांगेतला आयपी द्यायला पाहिजे, आणि फॅक्टरीवर गेल्यावर तुम्ही बदललेला आयपी पण गेला. पॅनलवर आयपी दिसतो हे त्यातल्या त्यात बरं. बिनडिस्प्लेचा, नुसता दोन दिव्यांचा मॉडेल चार हजाराने स्वस्त होता. घेऊ नका. चार हजार वाचवून त्या संध्याकाळी मी काय दाबलं असतं?

काही बारीकसारीक. आरती टीव्हीवर सेकंदभर मागे येते, एन्कोडिंगला तेवढा वेळ जातोच, लो डिले मोड लावला तर कमी होतो पण मग हलत्या चित्रात, म्हणजे आरतीचं तबक फिरतं तेव्हा, फाटतं. आमच्याकडे घंटेचा खरा आवाज डक्टमधून वर जातो आणि मग टीव्हीतली घंटा वाजते, तिसऱ्या मजल्यावरच्यांना दोन देवळं शेजारी असल्यासारखं वाटतं. वरच्यांना काही फरक नाही. सेटटॉप बॉक्सचं एचडीएमआय या डब्याला लावून बघितलं तर काळा पडदा, ते कॉपी प्रोटेक्शनमुळे, तो डब्याचा दोष नाही. कॅमेरा आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर दोन्ही चालतात. लॉबी ते मीटर रूम एचडीएमआय वायर वीस मीटर ओढली होती, ती चित्र टिकवेना, मग कॅट सिक्स या नेटवर्कच्या वायरवरचा एक्स्टेंडर घेतला, तो खर्च वेगळा धरा.

आणि खरेदीच्या आधी हे बघा की घरातल्या टीव्हीत केबलचा डिजिटल ट्यूनर आहे का. केबलवाल्याचा सेटटॉप बॉक्स त्याच्या कंपनीच्या यादीतलेच चॅनल दाखवतो, तुमचा बाप्पा त्यात येणार नाही, टीव्हीच्या स्वतःच्या अँटेना सॉकेटमध्ये वायर न्यावी लागते. आमच्याकडे अकरा घरांत तो ट्यूनरच नव्हता. त्यातल्या दोन घरांसाठी जुन्या डीव्हीबी-सी बॉक्सची सोय झाली, बाकीचे शेजाऱ्याकडे जाऊन बसले, त्यांची काही तक्रार नाही, चहा मिळतो.

पाचपैकी साडेतीन. मशीन म्हणून दमदार, दहा दिवस चोवीस तास चालला, फ्रिक्वेन्सी जागची हलली नाही, लेव्हल पाव डीबीने पण नाही. सेव्हचा एक स्टार गेला, नाव टाकायच्या छळाचा अर्धा.

विसर्जनानंतर आता त्याच चॅनलवर गेटचा कॅमेरा लावलाय, आजी दिवसभर बघतात कोण आलं कोण गेलं, वॉचमनपेक्षा जास्त माहिती त्यांना असते. दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, वॉचमनने मीटर रूममधल्या सगळ्या मशिनींची पूजा केली, या डब्याला पण हळद-कुंकू लावलं आणि झेंडूचा भलामोठा हार घातला तो बरोब्बर पंख्याच्या जाळीवर. दुपारी टेम्परेचरचा अलार्म, लाल दिवा. हार काढून पुढच्या हँडलला अडकवला, तेव्हा थंड झाला. कुंकू डिस्प्लेच्या काचेवरच लागलंय, ६५८ मधला आठ नीट दिसत नाही, पण पुसायला कुणी देत नाहीये.